पंडिता रमाबाई : अक्षरओळखीसोबत स्वावलंबनाचे शिक्षण

पुणे, मुंबई आणि दुष्काळग्रस्त मध्य प्रांत अशा विस्तृत परिसरात निराधार स्त्रियांसाठी कार्य करणाऱ्या पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. आई-वडिलांकडून त्यांना संस्कृतचे शिक्षण मिळाले. १८७० च्या दशकातील दुष्काळात मात्र दोघांचेही छत्र हरपले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले.

१८८२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्या पुण्यात आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची गरज मांडली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यात हलविण्यात आले. रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुलींना सदनातून काढून घेतले. तरीही संस्था टिकून राहिली.

रायपूरचा प्रदेश त्या काळी मध्य प्रांतात समाविष्ट होता. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी या प्रांतात जाऊन सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनात लेखन-वाचनाबरोबर विणकाम, शेती आणि छपाईचेही शिक्षण दिले जात असे. आश्रित स्त्रीने स्वतःच्या श्रमावर उभे राहावे, हा त्यामागील उद्देश होता. रमाबाईंच्या मराठी बायबलच्या छपाईचे कामही तेथील स्त्रियांनीच केले.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.