श्रवणासाठी लिहिलेली कविता : ग. दि. माडगूळकर आणि पुणे आकाशवाणी

ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतरामायणा’चा उल्लेख होताच मराठी रसिकाच्या कानी सुधीर फडके यांचा स्वर उमटतो. एखाद्या कवीच्या शब्दांना असा स्वर लाभणे हे भाग्यच होय. परंतु याच भाग्यामुळे या रचनेचे मूळ रूप काहीसे झाकले गेले आहे. ‘गीतरामायण’ प्रथम अवतरले ते पुस्तकात नव्हे, मैफलीतही नव्हे. ते अवतरले पुणे आकाशवाणी केंद्रावरून, आठवड्याला एक गीत या क्रमाने आणि अनेक गायक-गायिकांच्या आवाजांत. माडगूळकरांचा जीवनक्रम लक्षात घेतला, तर त्यांच्या प्रतिभेची घडण अशा श्रवणनिष्ठ माध्यमाला किती अनुकूल होती, हे स्पष्ट होते.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1919 रोजी शेटफळे येथे झाला. वडील औंध संस्थानात कारकून होते. माणदेशाच्या त्या अवर्षणग्रस्त मुलखात पुस्तके दुर्मिळ होती. मात्र कीर्तन, भजन, जात्यावरच्या ओव्या आणि लोकनाट्य यांची वाण नव्हती. वाङ्मय हे आधी कानांनी घ्यायचे असते, हा संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाला. औंधच्या शिक्षणानंतर मॅट्रिकच्या परीक्षेत अपयश आले आणि घरच्या दारिद्र्यामुळे त्यांना उदरनिर्वाहासाठी कोल्हापूर गाठावे लागले.

कोल्हापुरात त्यांनी मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत प्रवेश मिळवला. 1938 च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली. वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात शाहीर शंकरराव निकम यांच्यासाठी त्यांनी पोवाडे रचले. पुढे 1947 च्या ‘रामजोशी’ने पटकथाकार व गीतकार म्हणून त्यांचे स्थान पक्के केले. या सर्व उमेदवारीत एक समान सूत्र आढळते. शाहिराच्या मुखी द्यायचा पोवाडा असो वा पडद्यावरील पात्राचे गीत असो, माडगूळकर दुसऱ्याच्या आवाजासाठी लिहीत होते. ऐकणाऱ्याला शब्द पुन्हा मागे जाऊन वाचता येत नाही, तो पहिल्याच श्रवणात उमगला पाहिजे, ही अट त्यांनी सहजधर्म म्हणून स्वीकारली होती.

2 ऑक्टोबर 1953 रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्यापूर्वीच, 1952 मध्ये, माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बा. वि. केसकर यांच्याकडे आली होती आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घालण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले होते. चित्रपटगीतांची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी केंद्रांना स्वतःची सुगम गीते निर्माण करणे भाग पडले. ज्या नभोवाणीने चित्रपटगीत दूर ठेवले, तिच्या सर्वांत लोकप्रिय मालिकेसाठी चित्रपटसृष्टीतच घडलेले कवी आणि संगीतकार पुढे आले, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास होय. वर्षभर चालणाऱ्या मालिकेची कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले मित्र माडगूळकर यांच्यापुढे मांडली. माडगूळकरांनी वाल्मीकींची कथा निवडली आणि संगीताची जबाबदारी फडके यांच्याकडे आली.

1 एप्रिल 1955 या रामनवमीच्या दिवशी पहिले गीत प्रसारित झाले. पुढील रामनवमीपर्यंत मालिका चालायची होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या 56 झाली. शुक्रवारी सकाळी नवे गीत लागे आणि शनिवारी व रविवारी त्याचे पुनःप्रसारण होई. ध्वनिमुद्रणाची वेळ येऊन ठेपली असता पहिल्या गीताचा कागद गहाळ झाला आणि माडगूळकरांनी ते थोड्याच अवधीत पुन्हा लिहून दिले, अशी आठवण सांगितली जाते. तिच्यातील चमत्काराचा अंश बाजूला ठेवला, तरी प्रसारणाचा वार चुकवायचा नाही या शिस्तीखाली हे काव्य सिद्ध झाले, एवढे तीवरून निश्चित कळते.

या शिस्तीने रचनेला आकार दिला. प्रत्येक गीत स्वतंत्रपणे ऐकता यावे आणि तरीही कथा पुढे सरकावी, अशी योजना करावी लागली. निवेदन कवीने स्वतःकडे न ठेवता बहुतांश गीते पात्रांच्या मुखी घातली. रामाची गीते फडके यांनी, सीतेची माणिक वर्मा यांनी गायिली. वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे आदींचे स्वरही या मालिकेत होते. त्या अर्थाने ते श्रुतिनाट्यच होते. घरोघरी रेडिओ नव्हते. ज्याच्या घरी होता तेथे शेजारी जमत, रेडिओला फुले वाहत. पुण्याची वृत्तपत्रे प्रसारित गीताचे शब्द छापू लागली, म्हणजे येथे मुद्रण श्रवणाच्या मागून आले. पुस्तक तर 1957 च्या विजयादशमीला निघाले.

त्यानंतर रूपांतर घडले. फडके यांनी एकट्याने गीतरामायण सादर करण्यास प्रारंभ केला आणि 1965 मध्ये त्यांच्या आवाजातील दहा ध्वनिमुद्रिकांचा संच प्रसिद्ध झाला. अनेक पात्रांचे श्रुतिनाट्य एका गायकाचे आख्यान बनले. ते कीर्तनपरंपरेला जवळचे होते आणि म्हणूनच दीर्घायुषी ठरले. परंतु कौसल्येचा वा सीतेचा उद्गार स्त्रीस्वरात ऐकणे आणि तोच आख्यानकाराच्या स्वरात ऐकणे, हे दोन भिन्न वाङ्मयीन अनुभव आहेत. पहिल्यात पात्र बोलते. दुसऱ्यात पात्राविषयी ममत्व असलेला कथेकरी बोलतो. ज्यांनी मूळ प्रसारण ऐकले त्यांच्या स्मरणरंजनात या हरवलेल्या बहुस्वरतेची हुरहुर आहे, आणि ती केवळ भाबडी नाही.

माडगूळकरांना सन्मान विपुल लाभले. 1962 पासून ते विधानपरिषदेचे सदस्य होते, 1969 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 1973 च्या यवतमाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ‘जोगिया’सारखा काव्यसंग्रह नावावर असूनही नवकवितेच्या निकषांवर पोसलेल्या समीक्षेने मात्र त्यांना गीतकार या कोटीत ठेवून कवी म्हणून त्यांचा विचार टाळला. 14 डिसेंबर 1977 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ही उपेक्षा बऱ्याच अंशी माध्यमविषयक गैरसमजातून उद्भवली आहे. कागदावर उतरलेले शब्द हीच संहिता मानल्यास या गीतांतील पुनरुक्ती, सरळ अन्वय आणि संबोधनांची रेलचेल हे दोष वाटतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या, क्षणात विरणाऱ्या ध्वनीसाठी ते शब्द होते हे ध्यानात घेतले, की तीच रचनेची गरज ठरते. गीतरामायणाचा शेवटही हेच सुचवितो. सीतात्यागानंतर वाल्मीकी आपल्या बटूंना रामकथा गाण्यास पाठवतात आणि कथा जेथून सुरू झाली त्या कुशलवांच्या गायनाशी येऊन मिळते. लिहून संपविण्यासाठी नव्हे, तर पुन्हा ऐकविण्यासाठी रचलेले हे काव्य आहे. त्याच्या अभ्यासाचा आरंभही ऐकण्यापासूनच व्हावयास हवा.