मॅक्स प्लँक

१९०० सालच्या डिसेंबर महिन्याची १४ तारीख होती. बर्लिन शहरी जर्मन पदार्थवैज्ञानिकांची सभा भरली होती. बेचाळीस वर्षांचे एक प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांनी आपला निबंध सभेपुढे मांडला. व्याख्यान संपले, श्रोते आपापल्या घरी गेले. पदार्थविज्ञानात त्या दिवशी एका नव्या युगाचा आरंभ झाला, हे त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. इतकेच काय, खुद्द व्याख्यात्यालाही त्याची पुरती जाणीव नव्हती. त्या व्याख्यात्याचे नाव मॅक्स प्लँक.

प्लँक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी जर्मनीतील कील या गावी झाला. त्यांचे वडील कायद्याचे प्राध्यापक होते. मॅक्स नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब म्यूनिक येथे राहावयास गेले. तेथील शाळेत म्यूलर नावाचे एक शिक्षक होते. गवंडी मोठ्या कष्टाने जड दगड छपरावर चढवितो. त्याचे ते श्रम वाया जात नाहीत, दगडात साठून राहतात आणि पुढे कधी तो दगड खाली कोसळला तर प्रकट होतात, असे त्यांनी एकदा मुलांना समजावून सांगितले. ऊर्जा नाश पावत नाही, हा नियम मॅक्सच्या मनावर कायमचा कोरला गेला.

मॅक्सला संगीताचीही उत्तम जाण होती. तो पियानो सुरेख वाजवी. तरीही त्याने पदार्थविज्ञानच निवडले. सोळाव्या वर्षी तो विद्यापीठात गेला, तेव्हा योली नावाच्या प्राध्यापकांनी त्याला त्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. या शास्त्रात शोधण्याजोगे आता फारसे उरलेले नाही, असे त्यांचे मत होते. त्यावर मॅक्सने नम्रपणे सांगितले, की आपल्याला नवे शोध लावण्याची हाव नाही; जे ज्ञात आहे ते नीट समजून घेतले तरी पुरे.

१८८९ साली प्लँक बर्लिन विद्यापीठात आले. तेथे एका प्रश्नाने त्यांचे मन वेधून घेतले. लोहाराच्या भट्टीत घातलेले लोखंड प्रथम लाल होते, मग पिवळसर दिसू लागते आणि फारच तापले म्हणजे पांढरे दिसते. कोणत्या तपमानाला कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो? यासाठी वीन या शास्त्रज्ञांनी एक सूत्र दिले होते. आखूड तरंगांच्या प्रकाशाला ते चपखल लागू पडे. परंतु लांब तरंगांच्या अदृश्य उष्णताकिरणांशी ते जुळेना.

७ ऑक्टोबर १९०० रोजी रूबेन्स हे स्नेही प्लँक यांच्या घरी आले. आपल्या प्रयोगांत आढळलेला हा विसंवाद त्यांनी सांगितला. पाहुणे गेल्यावर प्लँक यांनी त्याच संध्याकाळी एक नवे सूत्र तयार केले आणि १९ ऑक्टोबरच्या सभेत ते मांडले. रूबेन्स यांनी त्याच रात्री आपली मोजमापे त्याच्याशी ताडून पाहिली. ती तंतोतंत जुळली.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर संतुष्ट झाला असता. प्लँक यांना मात्र सूत्र बरोबर का येते, हे कळल्यावाचून चैन पडेना. दोन महिने त्यांनी अविश्रांत परिश्रम केले. अखेर एकच वाट उरली, आणि ती त्यांच्या आजवरच्या श्रद्धेच्या विरुद्ध होती. ऊर्जा तेलाच्या धारेप्रमाणे अखंड असते, हवी तेवढी घेता येते, असे सारे शास्त्रज्ञ मानीत. उत्तर हवे असेल तर ती नाण्यांप्रमाणे सुट्या पुंजांनी दिली-घेतली जाते, असे मानणे भाग होते. प्लँक यांनी आपले मत बाजूस सारले आणि सत्याचा स्वीकार केला. १४ डिसेंबरचे व्याख्यान ते हेच.

प्रत्येक पुंजातील ऊर्जा ही प्रकाशाच्या कंपनसंख्येला एका ठरावीक अंकाने गुणले असता मिळते. हा अंक ज्यूल-सेकंदांत लिहावयाचा तर दशांशचिन्हापुढे तेहतीस शून्ये देऊन मग ६६२६ हे आकडे लिहावे लागतात. त्यास प्लँकचा स्थिरांक म्हणतात. पुढे १९०५ साली आइन्स्टाइन यांनी आणि १९१३ साली बोर यांनी याच कल्पनेचा विस्तार केला. १९२४ साली ढाक्का येथे सत्येंद्रनाथ बोस या भारतीय शास्त्रज्ञाने प्लँक यांचे सूत्र एका नव्या रीतीने सिद्ध केले. प्लँक यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कीर्ती लाभली, पण दैव मात्र निष्ठुर ठरले. १९०९ साली पत्नी निवर्तली. १९१६ साली थोरला मुलगा महायुद्धात पडला. पाठोपाठ दोन्ही जुळ्या मुली प्रसूतीनंतर दगावल्या. प्लँक यांनी दुःख गिळले आणि आपले कार्य चालू ठेवले.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यू शास्त्रज्ञांना पदांवरून काढून टाकण्यात येऊ लागले. प्लँक तेव्हा कैसर विल्हेल्म संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांनी हिटलरची भेट घेऊन या शास्त्रज्ञांसाठी रदबदली केली. ती व्यर्थ गेली. पुष्कळ बाबतींत त्यांना नमते घ्यावे लागले. पण एका प्रसंगी ते नमले नाहीत. हाबर हे ज्यू वंशाचे रसायनशास्त्रज्ञ परदेशात मरण पावले होते. जानेवारी १९३५ मध्ये प्लँक यांनी त्यांची स्मृतिसभा बोलाविली. प्राध्यापकांनी या सभेस जाऊ नये, असा सरकारने हुकूम काढला. तरीही शहात्तर वर्षांचे प्लँक सभागृहात आले आणि त्यांनी दिवंगत मित्राचा उघडपणे गौरव केला.

१९४४ साली बाँबच्या वर्षावात त्यांचे घर जळाले. आयुष्यभराचे कागदपत्र भस्मसात झाले. हिटलरविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून त्यांचा मुलगा एर्विन यास जानेवारी १९४५ मध्ये फाशी देण्यात आली. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी ग्यॉटिंगेन येथे प्लँक यांनी देह ठेवला. त्यांनी सांभाळलेली संस्था पुढे मॅक्स प्लँक संस्था या नावाने नव्याने उभी राहिली.

किलोग्रॅमचे वजन पूर्वी पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्यावरून ठरविले जाई. २० मे २०१९ पासून ते प्लँकच्या स्थिरांकावरून ठरविले जाते. ग्यॉटिंगेन येथील त्यांच्या समाधीच्या शिळेवर स्तुतीचा एकही शब्द नाही. वर त्यांचे नाव आहे आणि तळाशी तो चिमुकला अंक कोरला आहे.