सॅक्सोफोनचा साधक
जॅझ सॅक्सोफोनवादक व संगीतकार जॉन कोल्ट्रेन यांचा जन्म अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २३ सप्टेंबर १९२६ रोजी झाला. हेरॉइनच्या व्यसनापायी १९५७ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचातून त्यांना काढण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी व्यसनाला रामराम ठोकला. पुढील दहा वर्षे अखंड साधनेची ठरली. भारतीय रागसंगीताचीही त्यांना ओढ होती. पंडित रविशंकर यांच्याविषयीच्या आदरापोटी त्यांनी मुलाचे नाव रवी ठेवले. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ही रचना त्यांनी ईश्वरचरणी अर्पण केली. तिने कीर्ती दिली. तरीही १९६५ मध्येच ‘असेन्शन’द्वारे त्यांनी जॅझची रूढ चौकट मोडली. अनेक चाहते दुरावले, पण कोल्ट्रेन मागे फिरले नाहीत. १७ जुलै १९६७ रोजी, अवघ्या ४० व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.