आकाशवीर इंद्रलाल रॉय

मुलांनो, रत्नागिरीच्या आकाशात विमानाची घरघर ऐकू आली की तुम्ही अंगणात धावत येता आणि मान वर करून पाहत राहता. आता शंभर वर्षांहून अधिक मागे चला. तेव्हाचे लढाऊ विमान लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवलेले असे. वैमानिक उघड्यावर बसे. वारा, पाऊस, थंडी सारे अंगावर. इंग्रज वैमानिकांना त्या वेळी पॅराशूटही देत नसत. विमानाने पेट घेतला की सुटका नाही. अशा विमानातून लढलेल्या एका भारतीय मुलाची ही हकिकत आहे. होय, मुलगाच म्हणायचा. वयाची वीस वर्षेही त्याने पुरी केली नाहीत.

इंद्रलाल रॉय याचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात झाला. वडील बॅरिस्टर होते. मुलांच्या शिक्षणासाठी आई ललिता त्यांना घेऊन लंडनमध्ये राहत असे. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून चाललेल्या तिथल्या चळवळीत तिनेही भाग घेतला होता. इंद्रलाल सेंट पॉल शाळेत शिकत असतानाच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. आरंभी विमाने फक्त शत्रूच्या हालचाली पाहून येत. पुढे त्यांच्यावर मशीनगन बसल्या आणि आकाशातच लढाया होऊ लागल्या.

इंद्रलालने वैमानिक होण्यासाठी अर्ज केला. डॉक्टरांनी नजर कमी आहे म्हणून त्याला नाकारले. मग त्याने काय केले असेल? आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून एका मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. या वेळी नजर चांगली ठरली! जुलै १९१७ मध्ये तो हवाई दलात अधिकारी झाला. भारतीयांना असे पद मिळणे त्या काळी फार अवघड होते.

पण डिसेंबरात फ्रान्समध्ये त्याचे विमान कोसळले. असे सांगतात, की तो मेला असे समजून त्याला प्रेतांच्या खोलीत ठेवले. शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावले, तेव्हा बाहेरच्या माणसाची भीतीने गाळण उडाली. बरा होईपर्यंत तो विमानांची चित्रे काढत बसे. त्यांतली बरीच आजही जपलेली आहेत. डॉक्टरांनी त्याला उड्डाणास अयोग्य ठरवले, तरी त्याने पिच्छा सोडला नाही. जून १९१८ मध्ये तो ४० क्रमांकाच्या तुकडीत पुन्हा आघाडीवर गेला.

त्याचे विमान ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाई. त्याची एक मशीनगन फिरत्या पंख्यामधून गोळ्या झाडत असे. गोळी पात्याला कशी लागत नसे? यंत्राची जोडणीच अशी होती, की पाते समोर आले की गोळी सुटत नसे.

६ ते १९ जुलै या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. त्यांतले तीन तर ८ जुलैच्या एका दिवसातले, तेही चार तासांच्या आत. मात्र हेही लक्षात असू द्या, की समोरच्या विमानांतही त्याच्यासारखीच तरुण मुले होती. २२ जुलैला कार्व्हिन गावावर जर्मन विमानांशी झुंजताना इंद्रलालचे विमान पेटले आणि खाली कोसळले. पॅराशूट नव्हतेच. सप्टेंबरमध्ये त्याला मरणोत्तर 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक जाहीर झाले. ते मिळवणारा तो पहिला भारतीय. फ्रान्समधील एस्तव्हेल येथे त्याची कबर आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत.

त्याच युद्धात आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर हाही वैमानिक होता. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ३० जून १९१८ रोजी मरण पावला. तोही फ्रान्सच्याच मातीत आहे. हरदित सिंग मलिक हा तिसरा तरुण मात्र पायात गोळ्या घेऊनही वाचला आणि पुढे स्वतंत्र भारताचा राजदूत झाला.

हे सारे इंग्रजांच्या हवाई दलात लढले, कारण भारताचे हवाई दल तेव्हा नव्हतेच. ते ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले. त्याच्या पहिल्या वैमानिकांत इंद्रलालच्याच नात्यातला एक तरुण होता. त्याचे नाव सुब्रतो मुखर्जी. १९५४ साली तोच आपल्या हवाई दलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला.