लोकसेवेचे विश्वस्त : कै. एस. आर. शंकरन

जे आपले नाही ते प्राणापलीकडे जपावे आणि ज्याचे आहे त्याच्या हाती ते सुखरूप पोहोचवावे, हा विश्वस्ताचा धर्म होय. संस्थेच्या कारभारात या शब्दाचा अर्थ आपण सारे जाणतो. परंतु शासनाच्या उच्च आसनावर बसूनही आयुष्यभर हीच वृत्ती बाळगणारी माणसे विरळाच. आंध्र प्रदेशच्या समाजकल्याण खात्याचे प्रधान सचिव, त्रिपुराचे मुख्य सचिव आणि पुढे केंद्र शासनाचे ग्रामविकास सचिव ही पदे भूषविणारे कै. एस. आर. शंकरन हे अशा विरळा माणसांपैकी एक होते. समाजातील शेवटच्या माणसाची ठेव आपल्या हाती आहे, या भावनेने त्यांनी प्रत्येक पद सांभाळले.

शंकरन यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९३४ रोजी तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात झाला. मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर काही काळ त्यांनी मदुराई येथे अध्यापन केले. पुढे भारतीय प्रशासन सेवेत त्यांची निवड झाली आणि आंध्र प्रदेश ही त्यांची कर्मभूमी ठरली. केंद्रीय पोलाद व खाणमंत्री मोहन कुमारमंगलम यांचे विशेष सहायक म्हणूनही त्यांनी काम पाहिले. देशातील कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा तो काळ होता. सत्तेच्या केंद्राजवळ राहूनही त्यांचे मन मात्र खेड्यातील भूमिहीन मजुराकडेच ओढ घेत राहिले.

वेठीतून मुक्ती

शंकरन यांच्या कार्याचा कळस म्हणजे वेठबिगारांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेला प्रयत्न. मराठीत ज्याला आपण वेठ म्हणतो, त्यालाच तेलुगू मुलखात वेट्टी म्हणतात. मराठवाडा व तेलंगण हे दोन्ही प्रदेश पूर्वी निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे या प्रथेचे चटके आपल्याकडील जुन्या पिढीलाही अपरिचित नाहीत. लग्नकार्यासाठी किंवा आजारपणात काढलेल्या क्षुल्लक कर्जापोटी मनुष्य सावकाराच्या घरी राबू लागे. हिशेब सावकाराच्या वहीत आणि मजुराला अक्षर ठाऊक नाही, अशी स्थिती. परिणामी मुद्दल फिटत नसे, व्याज थांबत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर येई.

१९७६ च्या कायद्याने ही पद्धत देशभर रद्द झाली. या कायद्याने वेठीचे कर्ज संपुष्टात आणले, गहाण ठेवलेली मालमत्ता परत करण्याचे बंधन घातले आणि वेठीस धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. कर्ज वेठीचे आहे असे मजुराने सांगितल्यास, ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकण्यात आली. तरीही मजुराच्या झोपडीपर्यंत तो आपोआप पोहोचणार नव्हता. मजूर भयाने मुका, गावचे पुढारी बहुधा जमीनदारांच्याच घरचे आणि कचेरीत तर असा प्रकार आमच्याकडे नाहीच, असे लिहून मोकळे होण्याची रीत.

समाजकल्याण खात्याची धुरा हाती येताच शंकरन यांनी ही रीत मोडली. ते स्वतः दलित वस्त्यांमध्ये जात, मजुरांशी बोलत आणि आपल्या अधिकाऱ्यांनाही तेथे जावयास लावत. मुक्ततेचा दाखला हाती पडला तरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटावी, हा प्रश्न उरतोच. पुनर्वसन झाले नाही तर मुक्त झालेला मनुष्य पोटासाठी पुन्हा त्याच दारात उभा राहतो, हे त्यांनी जाणले होते. १९७८ पासून केंद्राच्या योजनेनुसार प्रत्येक मुक्त मजुरासाठी चार हजार रुपयांची तरतूद झाली. तिचा निम्मा भार केंद्राने व निम्मा राज्याने उचलावयाचा होता. अशी मदत, जमीन व मजुरीचा हक्क दुर्बळांच्या पदरी पडावा, यासाठी ते अखंड झटले.

या निष्ठेची किंमतही त्यांना मोजावी लागली. गावोगावचे हितसंबंध दुखावले गेले, तक्रारी वरपर्यंत गेल्या आणि राज्याच्या तत्कालीन नेतृत्वाशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. थोडी मुरड घातली असती तर पद टिकले असते. परंतु शंकरन यांनी तत्त्वाला मुरड घातली नाही. ते पदावरून दूर झाले.

त्रिपुरा आणि पुनरागमन

याच सुमारास त्रिपुराचे मुख्यमंत्री नृपेन चक्रवर्ती यांनी त्यांना आपल्या राज्यात बोलावून घेतले. तेथे शंकरन मुख्य सचिव झाले. मुख्यमंत्री व मुख्य सचिव दोघेही अविवाहित, दोघांचीही राहणी एखाद्या व्रतस्थासारखी. एका पेटीत मावेल एवढाच त्यांचा संसार! डोंगराळ अशा त्या लहान राज्यात शंकरन यांनी काही वर्षे मनोभावे सेवा केली.

त्यानंतर ते आंध्रात परतले व पुन्हा समाजकल्याण खातेच त्यांच्याकडे आले. दलित मुलामुलींसाठी निवासी शाळांचे जे जाळे त्या राज्यात उभे राहिले, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिलही आली नव्हती, अशा कुटुंबांतील मुले या शाळांतून शिकून पुढे आली.

डिसेंबर १९८७ मध्ये त्यांच्यावर कठीण प्रसंग ओढवला. पूर्व गोदावरी जिल्ह्याच्या आदिवासी भागात दौऱ्यावर असताना नक्षलवाद्यांनी शंकरन यांच्यासह सात अधिकाऱ्यांना ओलीस धरले. अटकेत असलेल्या काही कार्यकर्त्यांची मुक्तता झाल्यानंतर या अधिकाऱ्यांची सुटका झाली. या अनुभवाने त्यांच्या मनात कटुता आली नाही व गोरगरिबांविषयीची त्यांची कळकळही उणावली नाही.

निवृत्तीनंतरचे अठरा वर्षांचे व्रत

केंद्रीय ग्रामविकास सचिव या पदावरून १९९२ मध्ये शंकरन निवृत्त झाले व हैदराबादेत एका साध्या घरात राहू लागले. १९९७ मध्ये जाणत्या नागरिकांची एक समिती स्थापन करून त्यांनी आंध्रातील हिंसाचार थांबविण्याचे कार्य हाती घेतले. पोलिसांच्या बनावट चकमकी व नक्षलवाद्यांनी केलेल्या हत्या या दोहोंचाही या समितीने निर्भीडपणे निषेध केला. समितीच्या दीर्घ प्रयत्नांनंतर ऑक्टोबर २००४ मध्ये शासन व नक्षलवादी नेते हैदराबादेत समोरासमोर बसले. बोलणी फळाला आली नाहीत. परंतु एकेकाळी ओलीस राहिलेल्या मनुष्यावर दोन्ही पक्षांनी विश्वास ठेवावा, यातच त्यांची योग्यता दिसून येते.

मानवी मैला हाताने साफ करण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने निषिद्ध ठरली होती, तरीही देशात ती सुरूच होती. तिच्या निर्मूलनासाठी बेजवाडा विल्सन यांच्यासमवेत सफाई कर्मचारी आंदोलनाला शंकरन यांनी अखेरपर्यंत वडीलकीचा आधार दिला. या आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या याचिकेचा निकाल २७ मार्च २०१४ रोजी लागला. तो पाहण्यास मात्र शंकरन हयात नव्हते.

त्यांनी विवाह केला नाही, मालमत्ता जमविली नाही. वेतनाचा आणि पुढे निवृत्तिवेतनाचा मोठा हिस्सा ते गरीब दलित मुलांच्या शिक्षणावर खर्च करीत. २००५ मध्ये जाहीर झालेला पद्मभूषण हा सन्मानही त्यांनी नम्रपणे नाकारला. ७ ऑक्टोबर २०१० रोजी हैदराबाद येथे त्यांची प्राणज्योत मालवली. तेथील राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्थेत त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

शंकरन जन्माने जैन नव्हते. परंतु ज्या अपरिग्रहाचे पाठ आपण लहानपणापासून ऐकत आलो, तो त्यांनी सरकारी सेवेत राहून आचरणात आणला. पद, पैसा आणि मान या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे चालून आल्या. पद त्यांनी दुर्बळांसाठी राबविले, पैसा वाटून टाकला आणि मान दारातूनच परत पाठविला. सार्वजनिक संस्थेचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने हे चरित्र मनात जागते ठेवावे. कै. शंकरन यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!