विश्लेषण : सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू आजही काय शिकवतो?

शनिवारवाड्यातील माडीवरून पडून २१ वर्षांच्या पेशव्याचा मृत्यू झाला, त्याला दोन शतके उलटली. तो अपघात होता, आत्महत्या की तापातला भ्रम, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही.

बालपण कसे गेले?

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी खून केला, तेव्हा पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. १७७७ मध्ये आईही गेली. पुढे कारभार आणि पेशव्यांचे संगोपन, दोन्ही नाना फडणवीसांच्या कडक देखरेखीखाली राहिले.

अखेरच्या वर्षात काय घडले?

मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाला हरवले. तेव्हा चांदा ज्यांच्या ताब्यात होते ते नागपूरकर रघुजी भोसलेही या लढाईत पेशव्यांच्या बाजूने होते. मात्र कैदेतील चुलतकाका दुसऱ्या बाजीरावांशी चाललेला पत्रव्यवहार उघड झाल्याने नाना नाराज झाले. तरुण पेशवे खिन्न झाले, त्यातच ताप चढला. २५ ऑक्टोबर रोजी ते माडीवरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबरला मरण पावले. वारस नव्हता. वारसाच्या वादातून १७९६ अखेर दुसरे बाजीराव गादीवर आले. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

हा मनोविकार होता का?

तसे निदान आज करता येणार नाही. तापात वात होऊन माणूस बरळतो, नसलेले पाहतो. ती अवस्था तात्पुरती असते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात भास आणि संशय टिकून राहतात. दोन्हींत जिवाला धोका असतो आणि दोन्हींवर उपचार आहेत.

धोका कधी वाढतो?

स्किझोफ्रेनियाच्या साधारण २० रुग्णांपैकी एकाचा मृत्यू आत्महत्येने होतो. आजाराची पहिली काही वर्षे आणि रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे दिवस अधिक जोखमीचे. सोबत नैराश्य असेल, पूर्वी प्रयत्न झाला असेल किंवा औषध मध्येच सुटले असेल तर जोखीम वाढते. नियमित औषध आणि घरच्यांची साथ यांनी ती कमी होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत काय करावे?

दुर्गम गावातून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय लांब पडते. पुजाऱ्याकडे जायचे असले तरी डॉक्टरकडे जाणे टाळू नये. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो २४ तास सुरू असतो. जगणे नकोसे झाले का, असे आपल्या माणसाला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये. सवाई माधवरावांभोवती पहारे होते, मानकरी होते. मन मोकळे करावे असे माणूस मात्र फारसे नव्हते.