डॉ. कमल रणदिवे

कर्करोग हा एकट्या माणसाचा वैरी नव्हे. घरच्या कुत्र्यामांजरांना आणि इवल्याशा उंदरालाही तो गाठतो. प्राण्यांच्या देहातील हा रोग बारकाईने पाहूनच त्याची कारणे उमगतील, या निष्ठेने ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आदराने घेतले जाते.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कन्येने वैद्यक शिकावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या कमलचे मन वनस्पती व प्राणी यांच्या शास्त्रात रमले. तिने तीच वाट धरली.

१९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सांभाळून त्यांनी पुढील शिक्षण चालू ठेवले. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी उंदरांच्या चार वंशांचा अभ्यास केला. स्तनाचा कर्करोग एका वंशात अधिक व दुसऱ्यात कमी का, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या संशोधनास १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जिवंत पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या शिकून त्या स्वदेशी परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. वंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांच्या कार्याचा पुढे लस तयार करण्याच्या प्रयत्नांस उपयोग झाला.

१९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात त्यांनी लक्ष घातले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

पुढे २०१० साली अमेरिकेत कुत्र्यांच्या तोंडातील एका कर्करोगावरील लसीस पूर्ण परवाना मिळाला. तिच्या गुणाविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. तरीही ज्या मुक्या जिवांनी माणसाला ज्ञान दिले, त्यांच्याकडे ते ज्ञान परतू लागले आहे. कमलताई रोग्याची नाडी पाहणाऱ्या वैद्य झाल्या नाहीत. परंतु रोगाचे मूळ शोधणे हीदेखील रुग्णसेवाच होय, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.